चिंचबनातला सहावा पिंजरा

एका जागी बसून राहणं मला लहानपणापासून जमत नाही. जेवताना मी दोनदा तरी ताटावरून उठायची आणि आई ओरडायची. आमच्या सरांना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी मला खारींचा विषय दिला.

एम.एस्सी. झाल्यावर मी नांदेडच्या कॉलेजात त्यांच्याकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवायला गेले होते. ते म्हणाले, "वाघ-बिबट्यांमागं सगळे आहेत. बांधावरच्या जनावराकडं कोणी बघत नाही. कोरडवाहू मुलखात खार काय खाते, किती झाडं वापरते, घरटं कुठं बांधते, एवढं नीट बघितलं तरी पुष्कळ झालं. पण बसावं लागेल. तासन् तास. हलायचं नाही."

"बसेन की सर," मी म्हणाले. तोवर माझा एक पाय दाराबाहेर पडला होता. मला स्टोव्हला पिन मारणाऱ्या माणसाचा आवाज आला होता आणि आईनं स्टोव्ह दुरुस्तीला द्यायला सांगितलं होतं.

त्याच सुमारास आमचं घर नांदेडहून उठलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीला माणसं पाहिजे होती आणि वडलांनी स्वतःहून बदली मागून घेतली. ते कारकून होते. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, आणि शाळेत गेलेली आमच्या घरातली पहिली माणसं म्हणजे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ. नवा जिल्हा, नवी कचेरी, इथं कोणी आपल्याला आधीपासून ओळखत नसेल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. प्रत्यक्षात कचेरीला धड खोल्याही नव्हत्या. उस्मानाबादेहून गोणपाटात बांधून आलेल्या फायली व्हरांड्यात पडलेल्या असत आणि वडील एका लोखंडी ट्रंकेवर कागद ठेवून लिहीत. संध्याकाळी घरी आले की म्हणायचे, "आज माझी खुर्ची परत दुसऱ्या खोलीत गेली." घरमालकानं पहिल्याच आठवड्यात आमचं आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारताना तो हसला.

मी मात्र लातुरात कमी आणि यष्टीत जास्त असायची. सरांना वह्या दाखवायला चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड, आणि उरलेल्या दिवसांत जागा शोधत जिल्हाभर. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. चाऱ्यासाठी लोक झाडं छाटत होते. ज्या गावात मागच्या महिन्यात मी वीस झाडं मोजलेली असायची, तिथं परत गेलं की नुसते बुंधे उभे असायचे. खारी होत्या, पण आज इथं तर उद्या नाहीत. माझंही तसंच चाललं होतं.

शेवटी शिरूर अनंतपाळच्या बाजूला, घरणी नदीपासून कोसभर आत, एक चिंचबन सापडलं. पंधरा-सोळा जुनी झाडं, मध्ये विहीर, विहिरीवर इंजिन, आणि शेजारी पत्र्याचं शेतघर. विहिरीला अजून पाणी होतं, म्हणून फांद्या शाबूत होत्या. शेताची मालकीण पन्नाशीची, उंच, सुरकुतलेल्या हातांची बाई होती. सगळे तिला आक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. तिचा नवरा गावातल्या घरात असायचा, गुडघ्यांमुळे त्याला शेतापर्यंत चालवत नव्हतं. शेत तीच बघायची.

"खारीचं काय शिकायचं असतं?" तिनं विचारलं.

"कशा राहतात, काय खातात..."

"ते मी सांगते की. त्याला कॉलेज कशाला?"

मग नेहमीचा प्रश्न आला. मी आडनाव सांगितलं. तिनं हातानं एक झाड दाखवलं आणि म्हणाली, "बस तिकडं, त्या झाडाखाली. इंजिनाजवळ जाऊ नको, पट्टा लई खराब हाय." म्हणजे परवानगी मिळाली. प्यायला पाणी मागितलं तर ती तांब्या वर धरून माझ्या ओंजळीत ओतायची. मला हे नवीन नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून घरून बाटली नेऊ लागले.

माझ्याकडे जाळीचे सहा पिंजरे होते. आत शेंगदाणे ठेवायचे, खार शिरली की मागचं दार पडायचं. मग तिला कापडी पिशवीत घेऊन वजन करायचं, नर की मादी बघायचं, आणि अंगावर केसांना लावायच्या काळ्या कलपानं एक ठिपका द्यायचा. कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या मांडीवर, म्हणजे पुढं लांबून ओळखता येईल. सोडलं की ती शिव्या दिल्यासारखी ओरडत झाडावर. सरांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतला होता. पिंजरा लावला की तासाच्या आत बघायचा. ऊन चढायच्या आत सगळी दारं पडणार नाहीत अशी बांधून टाकायची. एवढंसं जनावर, कोंडलं गेलं की घाबरूनच निम्मं होतं.

कलपाचा ठिपका दिल्याबद्दल आक्का सुरुवातीला नाराज होती. "रामानं बोटं फिरवली तिथं तू काळं फासायलीस," असं म्हणाली. पण मग तिलाच त्यात गंमत वाटू लागली. मी आठवड्यातून तीन दिवस यायची, आली की ती बसल्या जागेवरून बातमी द्यायची. "तुझी ती खांद्यावाली काल इंजिनाच्या पाइपाला तोंड लावून बसली होती. ठिबकतंय ना तिथं, ते चाटायली होती."

खांद्यावाली म्हणजे डाव्या खांद्यावर ठिपका असलेली मादी. तिसऱ्या चिंचेच्या बेचक्यात तिचं घरटं होतं. माझ्या वहीतली सर्वात जास्त पानं तिची आहेत. उन्हाळा वाढला तसं मला दिसू लागलं की सगळ्या खारी विहिरीकडं सरकायल्या आहेत. कडेच्या झाडांवरची घरटी ओस पडली. पाइपाच्या ठिबकणीवर त्यांची भांडणं व्हायची. ही फार महत्त्वाची नोंद होती, सरही खूश झाले होते. आणि नेमकं तेव्हाच एका सकाळी मी पाहिलं, तर आक्कानं फुटक्या माठाचं खापर पाणी भरून झाडाखाली ठेवलेलं.

मी धावतच तिच्याकडे गेले. "आक्का, ते उचला. असं पाणी ठेवलं तर माझ्या नोंदी बिघडतात. पाणी नसताना त्या काय करतात, तेच बघायचंय मला."

ती भाकरी थापत होती. हात थांबले. "तुझ्या वहीसाठी त्यांनी तान्हेलं ऱ्हायचं का?"

"फक्त दोन महिने. यातून पुढं सगळ्याच खारींचा फायदा होईल."

"पुढं," ती म्हणाली. पण उठली आणि खापरातलं पाणी तिनं एका रोपाला घातलं. मला जिंकल्यासारखं वाटलं. दिवसभर मात्र बसवेना. चार वेळा जागा बदलली, आणि वहीत एका ओळीवर दुसरी ओळ लिहिली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी विहीर आटली. तळाशी उरला तो गाळ. गावात टँकर येऊ लागला. तो कधी येईल याचा नेम नसायचा. आला की शेतातली माणसं हातातलं काम टाकून घागरी घेऊन पळत सुटायची.

त्या दिवशी सकाळी सव्वाआठला मी पिंजरे लावले होते. नऊच्या फेरीत दोन खारी मिळाल्या, वजनं झाली, सोडल्या. मी दारं बांधायला लागले. पाच बांधली. सहाव्याकडं जात होते, तेवढ्यात गावाकडून हॉर्न ऐकू आला आणि आक्का पत्र्यातून बाहेर आली. तिची सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि आदल्या दिवशी काटा रुतून आक्काचा स्वतःचा पाय सुजलेला. तिनं दोन घागरी माझ्यापुढं धरल्या.

"पोरी, चल माझ्यासंगं. मला एकटीला जमायचं न्हाई."

मी क्षणभर घागरींकडेच बघत राहिले. पितळेच्या, आतून घासलेल्या. तिच्या प्यायच्या पाण्याच्या घागरी होत्या त्या. मी त्या घेतल्या आणि तिच्या पुढं चालू लागले.

टँकरभोवती नेहमीची झोंबाझोंबी होती. मी शिरले. गर्दीत शिरणं, कोपर मारून पुढं जाणं, हे मला छान जमतं. पहिली घागर भरत आली तेव्हा मागून एका बाईनं विचारलं, "ही कोण गं? कुणाची?" आजूबाजूच्या दोघी-तिघींनी मान वळवली. इथं मला ओळखणारी माणसं होती. मी कोण, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझ्या हातातला पाइप मला एकदम जड वाटायला लागला.

आक्का मागून म्हणाली, "आमच्याकडली हाय. भरू दे."

एवढंच.  मी दुसरी घागर भरली. मग आक्काच्या शेजारणीची भरून दिली. एका म्हातारीची कळशी उचलून तिच्या दारापर्यंत नेऊन दिली, तिनं मला ओट्यावर बसवलं, कुठली, किती शिकलीस, लग्न झालं का, विचारलं. मी बसले. उठायची घाई न करता बसले, हे मला नंतर आठवलं. आक्कानं गावातल्या घरी चहा केला आणि कपबशी माझ्या हातात दिली. मी दुसरा कपही घेतला. मला इतकं बरं वाटत होतं की अंगात काही वेगळंच भरल्यासारखं झालं होतं, आणि त्यात मी सहावा पिंजरा विसरले.

आठवला तो परत येताना, बन दिसायला लागलं तेव्हा. मी डोक्यावरची घागर बांधावर ठेवली आणि पळाले.

नऊ वाजता तिथं सावली होती. अकराला उरली नव्हती. पिंजरा सरळ उन्हात तापत होता, जाळीला हात लावला तर चटका बसला. आत खार एका कुशीवर पडली होती. तोंड उघडं, पुढचे दोन्ही पाय जाळीत अडकलेले. डाव्या खांद्यावर कलपाचा ठिपका. मी तिला बाहेर काढलं, बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर घातलं, फुंकर मारली, हातावर चोळली. काही उपयोग झाला नाही. उलटी केली तेव्हा पोटावरचे आचळ दिसले, ओले, केस झडलेले. पिलं पाजत होती ती.

आक्का लंगडत मागून आली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग पिंजऱ्याकडं. मग घागर जिथं मी टाकली होती तिकडं.

"आक्का, मी..."

"दिसायलंय मला," ती म्हणाली.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि तिसऱ्या चिंचेवर चढले. बेचक्यातलं घरटं हातानं उसकटलं. काथ्या, कापूस, गोणपाटाचे दोरे, कुणाच्या तरी लुगड्याची हिरवी चिंधी. आत तीन पिलं होती. डोळे मिटलेले, पाठीवर पट्टे मात्र स्पष्ट उमटलेले. मी ती ओढणीच्या पदरात घेतली आणि उतरले. गुडघा सोलला होता, ते घरी गेल्यावर कळलं.

आक्का पत्र्यात गेली. शेळीच्या दुधाची वाटी आणि कापसाची वात घेऊन बाहेर आली. "कोमट हाय. थेंब थेंब घाल. जास्त घातलंस तर नाकात जाईल." मी वाटी घेतली. ती म्हणाली, "वाटी परत आणू नका, म्याडम."

तोपर्यंत ती मला पोरी म्हणत होती. त्या दिवशी मी म्याडम झाले. आणि वाटी परत का नको, ते मला आजवर कळलेलं नाही. पिलांना लागेल म्हणून की माझ्या हातची परत नको म्हणून. विचारायचं धाडस तेव्हा नव्हतं.

जेवणाच्या डब्यात ओढणी अंथरून पिलं लातूरला आणली. आईनं डबा उघडून बघितला आणि विचारलं, "आई कुठंय यांची?" मी सांगितलं. आईनं दुधाचं भांडं स्टोव्हवर ठेवलं. पुढचे तीन दिवस आम्ही पाळीपाळीनं वात पिळत होतो. एक पिलू दुसऱ्या दिवशी गेलं, एक तिसऱ्या. वडील कचेरीत जाताना डब्यात डोकावायचे आणि आल्यावरही आधी तिकडंच जायचे. तिसरं पिलू मादी होतं. तिनं आईच्या बोटाला तोंड लावून चोखायला सुरुवात केली, तेव्हा आई पहिल्यांदा हसली.

मी आठ दिवस बनात गेले नाही. नांदेडला जाऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी वही मागून घेऊन त्या दिवसाचं पान वाचलं. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण होतं असं. प्रबंधात हे लिहू नकोस. ती मादी पुन्हा आढळली नाही, एवढं लिही. खोटंही नाही ते."

"सर, मला माहीत आहे ती कुठं गेली."

"बाहेरचे परीक्षक काय म्हणतील, याचा विचार कर. मुलगी आहेस, त्यात पुन्हा..." पुढचं ते बोलले नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. मला वाचवत होते. पण त्या अर्ध्या वाक्यानं, हे प्रबंधात लिहायचंच, हे माझ्या मनात पक्कं झालं. माझ्याकडून नियम मोडला गेला होता तो मी कोण आहे म्हणून नाही, आणि तो लपवायचा तर कोणासाठी?

परत बनात गेले तेव्हा पहिलं काम म्हणजे पिंजरे उचलून आणले. उरलेलं सगळं नुसत्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. झाडाखाली पुन्हा खापर होतं, भरलेलं. टँकरच्या पाण्यातलं. मी वहीत त्या तारखेपुढं लिहिलं, 'आजपासून मालकिणीनं पाणी ठेवलं आहे.' पुढच्या पानांवर कोण केव्हा पाणी प्यायला आलं ते लिहीत गेले. आक्का लांबून बघत होती. म्याडम म्हणणं तिनं सोडलं नाही. पण महिन्याभरानं मी आणलेलं पिलू, आता मुठीएवढं झालेलं, पिशवीतून दाखवलं तेव्हा तिनं ते बराच वेळ तळहातावर घेतलं.

"खाते का काही?"

"भिजवलेले हरभरे. शेंगदाणे सोलून."

"सोलून नका देऊ. दात कशानं झिजायचे तिचे?"

बरोबर होतं ते. मी विसरले होते.

त्या उन्हाळ्यात चारा पार संपला. बनाच्या फांद्याही छाटायची वेळ आली. कुऱ्हाडवाला झाडावर चढला तेव्हा आक्का खाली उभी राहून सांगत होती, "ती सोड. तिच्यात घरटं हाय. ती बी सोड." एकेका झाडाला एक-दोन फांद्या राहिल्या. मी वहीत झाडांची चित्रं काढली. पुढं प्रबंधाच्या शेवटी मी जी शिफारस लिहिली, की छाटणी करताना घरट्याची फांदी राखावी आणि बांधावरच्या झाडांची साखळी तुटू देऊ नये, ती त्या सकाळी पाहिलेली होती. तसं तिथं मी लिहिलंही आहे, फक्त आक्काचं नाव न घालता, कारण तिनं नको म्हटलं.

मृगाच्या आधी पिलू बनात सोडलं. आई मुद्दाम बरोबर आली होती. पिशवी उघडली तर ते आईच्या पदरातच चढलं. आईनं त्याला खोडावर ठेवलं. दोन हात वर गेलं, थांबलं, शेपटी फुलवली. वरून एका मोठ्या खारीनं ओरडायला सुरुवात केली आणि त्याच्या मागं लागली. दोघी फांदीआड गेल्या. आई आणि आक्का शेजारी उभ्या राहून मान वर करून बघत होत्या. मी पिलाला कलप लावला नव्हता. सर नंतर चिडले, म्हणाले, जगलं की मेलं, आता कधीच कळणार नाही. त्यांचंही बरोबर होतं.

प्रबंध टाइप करताना टायपिस्टनं मध्येच विचारलं, "बाई, ही 'माझ्या दुर्लक्षामुळे' वाली ओळ राहू द्यायची ना?" मी हो म्हटलं. सरांनी त्या पानावर सही करायला चार दिवस लावले, पण केली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तेच पान उघडलं. "किती वेळ होता पिंजरा उन्हात?" मी सांगितलं. "नंतर पिंजरे वापरले?" "नाही सर." त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. पुढचे प्रश्न सगळे खाण्यावर आणि घरट्यांवर होते. मी पास झाले. वडलांनी कचेरीत पेढे वाटले. तोवर त्यांना स्वतःचं टेबल मिळालं होतं.

नांदेडला नोकरी लागली आणि रुजू होण्याआधी मी आक्काला भेटायला गेले. पाऊस बरा झाला होता, चिंचांना पालवी होती. आक्का खुरपत होती, उठली नाही.

"पास झालात का?"

"झाले."

"मंग? आता खारी संपल्या?"

 मी म्हणाले, येत जाईन सुट्टीत. तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं नाही, पण खुरपं टाकून उठली आणि बनाकडं चालू लागली. "पाचव्या झाडावर दोन घरटी हायत नवी. एक विहिरीवरच्या जांभळीत. तिथं याच्या आधी कधीच नव्हतं. आणि ती कोपऱ्यातली बाभळ, तुम्ही सोडून दिली होती ती..." ती बोलत होती, पुढं पुढं जात होती, मला तिच्या मागं पळावं लागत होतं. वही मी आणली नव्हती. पर्समध्ये यष्टीचं तिकीट होतं, त्याच्या मागच्या बाजूवर मी बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली.